राऊत सर आणि रिकामी चौकट

राऊत सरांसमोर दोन माणसांची तुलना करायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हणालं, की यंदा अमक्याचा मुलगा तमक्याच्या मुलापेक्षा हुशार निघाला, की सर चहाचा कप बशीत ठेवायचे आणि विचारायचे, "मागच्या साली थो कसा होता?" बोलणाऱ्याला ते ठाऊक नसायचं. "मंग कायचं हुशार मनता?" एवढं बोलून सर पुन्हा कप उचलायचे. त्यानंतर बराच वेळ कुणी कुणाच्या मुलाचं नाव काढत नसे.

माझी त्यांची पहिली खरी भेट अशीच झाली. मी मोताळ्याहून रोज एसटीने घाट चढून बुलढाण्याला कॉलेजात यायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी संख्याशास्त्रात वर्गात पहिली आले आणि मोठ्या तोऱ्यात पेढ्यांचा पुडा घेऊन सरांकडे गेले. सरांनी पेढा हातात घेतला, तोंडात नाही. मागच्या वर्षीचे माझे मार्क विचारले, मग कपाटातून एक वही काढून वर्गाची दोन्ही वर्षांची सरासरी पाहिली. म्हणाले, "वर्ग सातानं वर सरकला. तू पाचानं. मनजे पेपर सोपा होता, अन् तू दोनानं घसरली." मग पेढा खाल्ला आणि दुकान कुठलं ते विचारलं. मी परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडत आले. वाईट याचं वाटत होतं, की ते बरोबर होतं. त्या वर्षी मी अभ्यासात खरोखरच टंगळमंगळ केली होती.

सर मूळचे रोहिणखेडकडचे. घरचं भाजीपाल्याचं शेत. सोमवारी गावाहून येताना पिशवीत वांगी आणि कोथिंबीर असायची, आणि ती संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टाफमध्ये वाटून संपायची. बोलणं घरी, वर्गात, परिषदेत सगळीकडे सारखंच. एकदा पुण्याहून आलेले परीक्षक त्यांचं "करून राह्यलो" ऐकून गालातल्या गालात हसले. सरांनी शांतपणे विचारलं, "तुमाले समजलं ना?" ते म्हणाले, समजलं. "मंग झालं," म्हणून सर पुढच्या गणिताकडे वळले.

त्यांचा एक आवडता धडा होता. अनेक गावं आणि अनेक वर्षं यांची माहिती एकत्र असेल, तर एखाद्या गोष्टीचा परिणाम कसा शोधायचा, हा. पुस्तकात त्यासाठी चार ओळींचं ग्रीक अक्षरांचं समीकरण होतं. सर फळ्यावर नुसत्या चौकटी आखायचे. उभी गावं, आडवी वर्षं. "सुलतानपूरले सोयाबीन मोताळ्याहून जास्त झालं. मंग काय सुलतानपूरचा मानूस हुशार? जमीन येगळी, पानी येगळं. थे गावाचं हाये, थे आधी गावाले देऊन टाका. यंदा साऱ्याच गावाले कमी झालं. मंग काय सारेच आळशी झाले? थे सालाचं हाये, थे सालाले देऊन टाका. मंग जे हातात राह्यलं, त्याच्यावर बोला." गावाची स्वतःची सरासरी वजा, वर्षाची सरासरी वजा. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्याशी तोलायचं. मी पुढे कितीतरी जाड पुस्तकं वाचली, पण यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नाही.

हे त्यांचं घरातही चालायचं. काकू एकदा हिरमुसून म्हणाल्या, यंदाचं लोणचं बिघडलं. सरांनी शेजारच्या दोन घरांतली लोणची चाखून पाहिली आणि निकाल दिला, "साऱ्यायचंच आंबट हाये. कैरीच तशी. तुह्या हाताचं काई नाई." काकू मला म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली, एवढी एकच तारीफ." पण त्या खूश होत्या.

एम.एस्सी. झाल्यावर मी एका संस्थेत लागले. चाळीस गावांतल्या लहान मुलांची वजनं दर महिन्याला घेतली जात, त्यांची सगळी माहिती ठेवायचं काम माझं. त्यांतल्या बारा गावांत संस्थेने अगदी पहिल्या दिवसापासून गावातलीच एकेक बाई नेमली होती. तिला आरोग्यसखी म्हणत. घरोघर जाणं, आईशी बोलणं, मूल खात नसेल तर त्याच्याजवळ बसणं हे तिचं काम. पुढे काही गावांत पौष्टिक लाडूंची पाकिटं सुरू झाली, काही गावांत डॉक्टरांची गाडी जाऊ लागली. आठ वर्षं झाली तेव्हा वरून विचारणा आली, यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय? आमच्या समन्वयक साहेबांनी घाईघाईने सरासरी काढली. सखी असलेल्या गावांतली मुलं इतर गावांतल्या मुलांपेक्षा वजनाने हलकी निघाली. साहेब म्हणाले, मग या बाया करतात तरी काय?

मी ते कागद घेऊन सरांकडे पळाले. सर चिडले. "डोंगराच्या पायथ्याची वाईटात वाईट गावं पाहून सख्या देल्या, अन् आता मनता गाव वाईट काऊन? न्याय हाये का हा?" आणि ते काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. बारा बायांचं काम राहणार की जाणार, हे त्या एका तक्त्यावर ठरणार होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आकड्यांना हात लावण्याआधी गाव पाहायचं, असा त्यांचा नियम. म्हणून आम्ही रोहिणखेडच्या पुढे डोंगरालगतच्या एका गावात गेलो. तिथली सखी शोभाबाई. चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. समाजमंदिराच्या आढ्याला वजनाचा काटा टांगलेला. मुलाला झोळीत घालण्याआधी तिने एक ज्वारीची पुरचुंडी काट्याच्या हुकाला लटकवली. सरांनी विचारलं, हे कशाला? "काट्याची नजर पयले ज्वारीवर पडू द्या लागते सर, नाई तं लेकराले लागते. अन् ही बरोबर दोन किलोची हाये. काटा दोन नाई दाखवला तं मी लेकरू बसवतच नाई." सर इतके खूश झाले, की परत येईपर्यंत तेच बोलत होते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत कुणी काटा तपासला नव्हता. एका हट्टी पोराने लाडू थुंकला, तर ती त्याच्यासमोर मांडी घालून स्वतः लाडू खात बसली, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाच मिनिटांनी पोरानेच तिच्या हातातला तुकडा ओढला.

सरांच्या घरी बैठकीच्या खोलीत बसून आम्ही गणित मांडलं. गावाचं गावाला दिलं, सालाचं सालाला दिलं. गाडीच्या ओळीत आकडा आला, पाकिटांच्या ओळीतही आला. सखीच्या ओळीत आकडाच नव्हता. संगणकाने तिथे नुसतं लिहिलं होतं, 'वगळले'. मी घाबरले. सर मात्र कपाळावर हात मारून हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "बाई पयल्या सालीबी होती, आजबी हाये. बदललीच नाई. गावाचं गावाले देलं, तवा गावासंगं बाईबी चालली गेली." मी विचारलं, म्हणजे तिचा काही परिणाम नाही? "असं कोन मनते? ह्या रीतीले थे दिसत नाई. डोळे मिटले तं समोरचा मानूस उठून गेला का?" त्यांनी त्या चौकटीत एक आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात टीप लिहिली: या पद्धतीने सखीच्या कामाबद्दल काहीही सांगता येत नाही, 'हो' असंही नाही आणि 'नाही' असंही नाही.

आता माझं ऐका. अहवाल संस्थेच्या ठरलेल्या ऑनलाइन नमुन्यात भरायचा होता. त्या नमुन्याला रेघ चालेना. चौकट रिकामी ठेवली तरी ती लाल व्हायची आणि पुढचं पान उघडायचं नाही. टीप लिहायला जागाच नव्हती. साहेबांचे फोनवर फोन, पाचच्या आत गेलंच पाहिजे. सर परीक्षेच्या पर्यवेक्षणावर, त्यांचा फोन बंद. मी त्या चौकटीत शून्य टाकलं. चौकट हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी छापील प्रत सहीसाठी सरांपुढे ठेवली. त्यांनी विचारलं, "सारं भरलं ना पोरी?" मी म्हटलं, हो सर. त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. तेव्हा मी सांगू शकत होते. सांगितलं नाही, कारण ते शून्य मला फार लहान वाटलं.

महिन्याभरात आदेश आला. गाडी आणि पाकिटं चालू राहतील, बारा गावांतल्या सख्या पुढच्या महिन्यापासून बंद. सर तडक ऑफिसात आले. "साहेब, रिकामं अन् शून्य एक नसते. मले समजत नाई असं मी लिवलं, अन् तुमी काईच नाई असं वाचलं!" साहेब तसे सज्जन होते. त्यांनी अदबीने अहवाल पुढे सरकवला. म्हणाले, "सर, शून्य तुमच्याच अहवालात आहे. सही तुमचीच आहे ना?" सरांनी पान उलटलं, पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी फाइल छातीशी धरून उभी होते. सर वळले आणि म्हणाले, "हाव. सही माहीच हाये." मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्यांनी वर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, निर्णय झाला आहे. मग ते गप्प झाले. मला वाटलं, सोडून दिलं त्यांनी. दोन वर्षं गेली. एक दिवस त्यांचा फोन आला, "वजनं घेऊन ये. साऱ्या चाळीस गावाची." वजनं घेणं संस्थेने सगळ्या गावांत चालूच ठेवलं होतं, म्हणून आकडे होते. आम्ही पुन्हा तेच गणित मांडलं. या खेपेला सखीच्या ओळीत आकडा आला. किती, ते इथे सांगत नाही. गाडी आणि पाकिटं या दोहोंपेक्षा तो मोठा होता, एवढं पुरे.

"आला," सर म्हणाले. अवघड गणित सुटल्यावर त्यांचा जसा आवाज व्हायचा, तसाच. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. कारण तो आकडा कशातून निघाला होता, ते समोरच दिसत होतं. अठ्ठावीस गावं होती तिथेच होती, आणि ज्या बारा गावांतून बाई गेली, तिथली मुलं महिन्यामागून महिना खाली सरकत गेली होती. बाई होती तोवर ती मोजता येत नव्हती. ती गेली म्हणून मोजता आली.

सर म्हणाले, हे तिला सांगितलं पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा शोभाबाई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. सर बांधावर उभे राहिले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "बाई, तुमचा आकडा आला." तिने ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला, हात पदराला पुसले आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"मनजे मी काम करत होती, हे आता समजलं साहेब लोकायले?"

"हाव."

"मंग परत ठेवतात का मले?"

"नाई, बाई. आता तं गाडी-पाकिटं धरून साराच कार्यक्रम बंद करून राह्यले."

तिने तो कागद हातात घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सर, तुमी शिकलेले हा. एक सांगा मले. एवढं समजाले आमचे लेकरं वाळू द्या लागले का?"

तिने कागद परत त्यांच्या हातात दिला, "हे तुमीच ठेवा," म्हणाली आणि पाठमोरी होऊन वेचायला लागली. येताना रोहिणखेडवरून गाडी आली. आपलं गाव आलं, की हा आमचा मळा, ही जुनी मशीद, असं दाखवायची त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

पुढे सर निवृत्त झाले. मीही संस्था सोडली आणि शिकवायला लागले. काही वर्षांनी काकूंचा फोन आला, की यांचं लिव्हरचं दुखणं बळावलंय, येऊन जा. गेले तर सर दिवाणावर उशाला टेकून बसलेले, हाताच्या काड्या झालेल्या. माझा बांध फुटला. म्हटलं, "सर, ते शून्य मी टाकलं होतं."

"माईत हाये. त्याच दिवशी समजलं, तुह्या तोंडावर दिसत होतं." मग दम खात खात ते पुढे बोलले. "तुह्या शून्याचं मले काई नाई, पोरी. तू घाबरून टाकलं. माह्यं ऐक. बाया बंद झाल्या त्या दिवशी मले राग आला, खराच आला. पन घरी येऊन बसलो, तवा मनात काय आलं सांगू? आता बाई बदलली. आता आकडा निघन. दोन साल तोंडाले कुलूप लावून बसलो. त्या गावात जाऊ शकत होतो, वरडून सांगू शकत होतो, की मी डोयानं पाह्यलं, ही बाई कामाची हाये. नाई गेलो. मी वाट पाह्यली. मले थो आकडा पाह्यजे होता."

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. काकू आत भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सर गेले. इतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्याला मरताना स्वतःबद्दल एवढं वाईट वाटावं, याचा मला आजही राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

तेरवी झाल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "तुला माहीत आहे का, हे दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी त्या डोंगराकडच्या गावाला जायचे? मला म्हणायचे, कॉलेजात काम आहे. शेवटच्या दुखण्यात कळलं. शेवटचे दोन महिने नाही जाता आलं. तिथे कुणाला कळलं नसेल. फोन नको करू, जाऊन सांग."

मी पुढच्या दुसऱ्या सोमवारी गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर आठ-दहा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. आढ्याला नवा काटा टांगलेला, तो सरांनीच आणून दिलेला. शोभाबाईने मला ओळखलं. माझ्या मागे रस्त्याकडे पाहून विचारलं, "सर नाई आले?"

मी सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली. पदर तोंडाला लावून एकदाच मोठ्याने रडली, मग उठली. म्हणाली, "बांधावर बोलल्यावर दुसऱ्याच महिन्यात आले होते. मनले, बाई, तुमी परत सुरू करा, कोनी नेमो की नको नेमो. मी काटा आनतो, अन् मी येत जाईन. तवापासून एक सोमवार चुकला नाई, आजारी पडेस्तोवर." तिने ओट्यावरच्या बायांकडे पाहिलं. "आता ह्या आल्या हायेत. करा मंग."

पहिली मुलगी झोळीत बसली. दीड वर्षाची असेल. काटा हलून थांबला. मागच्या खेपेपेक्षा चांगलं भरलं होतं, शोभाबाईच्या तोंडावरच दिसलं. मी सवयीने पर्समधून वही आणि पेन काढलं. गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली.

शोभाबाईने माझ्या वहीवर हात ठेवला. "लिवू नका. सर लिवत नव्हते. तिच्या मायले सांगा."

मी वही मिटली आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या त्या आईजवळ जाऊन तिला सांगितलं.